माझ्यापाशी थांबणारा आवाज

मी एक जुना अडॅप्टर आहे, हे सांगायला मला लाज वाटत नाही, पण समजावून सांगायला वेळ लागतो. मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल. ड्रॉवरमध्ये, सुटलेली बटणं आणि वाळलेली पेनं यांच्यात तो पडला असेल. त्याला बाहेर काढून कोणी विचारतं, "हे कशाचं आहे रे?" मग दुसरं कोणी म्हणतं, "असू दे, लागेल कधीतरी." आमच्या जमातीचं निम्मं आयुष्य या एका वाक्यावर जातं.

माझं काम दोन पिढ्यांना बोलतं करण्याचं. माझ्या एका तोंडाला नव्या यंत्राची चपटी वायर लागते, तिला एचडीएमआय म्हणतात. दुसऱ्या तोंडाला पंधरा भोकं आहेत, तिथे जुन्या स्क्रीनची निळ्या डोक्याची वायर बसते, तिला व्हीजीए म्हणतात. नव्याची भाषा जुन्याला कळत नाही आणि जुन्याची नव्याला ऐकून घ्यायची नसते. माणसांच्या घरात हे काम आई करते. यंत्रांच्या घरात मी करतो.

माझ्या अंगी दोन उणिवा आहेत, त्या आधीच सांगून टाकतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांच्यावर आहे. पहिली म्हणजे, नुसत्या चित्राच्या वायरीतून येणाऱ्या विजेवर माझं पोट भरत नाही. म्हणून माझ्या कुशीला एक बारीक खाच आहे. तिथे एक शेपटासारखी वायर लावून मला वेगळा घास भरवावा लागतो. तो मिळाला नाही, तर चित्र दाखवण्यापुरतं बळ असतं, टिकवण्यापुरतं नसतं. दुसरी उणीव म्हणजे, माझ्यातून फक्त चित्र पुढे जातं. आवाज माझ्यापर्यंत येतो आणि माझ्यापाशीच थांबतो, कारण पुढच्या निळ्या वायरीत त्याला जागाच नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. शेवटच्या टेबलावर एका बाईने मला तीन सेकंद वायर लावली आणि "चालतो" म्हणून बाजूला सारलं. आयुष्यातली माझी एवढीच परीक्षा, आणि तिच्यात मी पहिल्या फटक्यात पास झालो. खोक्यात माझ्यासोबत अकरा भाषांतला एक कागद होता. मी काय करतो हे अकरांपैकी एकाही भाषेत नीट लिहिलेलं नव्हतं.

मग मी एका कचेरीत गेलो. तिथल्या मीटिंगच्या खोलीत मला सहा वर्षं नोकरी झाली. मीटिंग सुरू होण्याआधी पाच मिनिटं सगळी कचेरी माझा धावा करी. "तो कुठाय? अरे, त्याच्याशिवाय दिसणार कसं?" आणि एकदा भिंतीवर चित्र उमटलं की पुढचे दोन तास माझ्याकडे कोणी ढुंकून बघत नसे. कामापुरता मामा, दुसरं काय! माझ्या पोटातून हजारो आलेख गेले. सगळे आलेख वर जात होते. ते दाखवणारे साहेब मात्र एकेक करून खाली गेले. मग कचेरीने भिंतीएवढा नवा टीव्ही घेतला आणि मला भंगाराच्या खोक्यात टाकलं. निरोपसमारंभ झाला नाही. माझ्यासोबत एक मोडकं घड्याळही त्या खोक्यात होतं. त्याच्या मानाने माझं बरं होतं. ते दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवायचं, पण बघायला कोणी नव्हतं.

त्या खोक्यातून मला एका मुलीने उचललं. ती त्याच कचेरीत कामाला होती आणि तिची बदली समुद्रापलीकडच्या कचेरीत झाली होती. तिने खोकंभर वायरी उपसल्या, मला उजेडात धरलं आणि स्वतःशीच म्हणाली, "सापडला. बाबांची सोय झाली."

आता हे बाबा कोण, ते सांगतो. बाबा आयुष्यभर छापखान्यात मशीनमन होते. छपाईचं यंत्र दिवसभर धडधडायचं आणि त्याच्या शेजारी उभं राहून त्यांनी पस्तीस वर्षं काढली. कान हळूहळू गेले. बाबा म्हणायचे, "मशीनने खाल्ले. त्याला खायला दुसरं काही दिलंच नव्हतं ना." कानात घालायचं यंत्र त्यांना मिळालं होतं, पण त्याने आवाज मोठा होई, शब्द होत नसे. ते कपाटात गेलं. बाबा लोकांचे ओठ वाचायला शिकले. तेही सगळ्यांचे जमत नसत. पक्के वाचता यायचे फक्त दोघींचे, बायकोचे आणि लेकीचे. बायको गेल्यावर एकच पुस्तक उरलं आणि तेही परदेशी निघालं.

आता मोबाइलवर चेहरा दिसतो, मग अडचण काय, असं तुम्ही विचाराल. अडचण अशी की मोबाइलमधले ओठ तांदळाच्या दाण्याएवढे. बाबांच्या वयाला दाणे वाचता येत नाहीत. निवृत्तीच्या वेळी छापखान्याने त्यांना हार, नारळ वगैरे काही न देता अडगळीतला एक जुना मॉनिटर दिला होता. तो चांगला ऐसपैस होता, पण निळ्या वायरीशिवाय कोणाशी बोलत नव्हता. म्हणून मुलीने साखळी जुळवली. स्वतःचा जुना मोबाइल तिने एका डब्याला टेकवून उभा केला. मोबाइलला एक पांढरी डबी लावली, जिला हब म्हणतात. हबला एका बाजूने चार्जर, म्हणजे बोलता बोलता मोबाइलचंही पोट भरावं. दुसऱ्या बाजूने जाड काळी वायर, तिच्या टोकाला मी. हबच्याच एका खाचेतून माझं शेपूट. आणि माझ्या पुढे मॉनिटर. सगळे एकमेकांच्या शेपट्या धरून उभे. साखळीत फार मैत्री असते असं समजू नका. प्रत्येकाची ओळख फक्त शेजारच्याशी. चार्जर कोण होता, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

निघायच्या दिवशी मुलगी टेबलाखाली वाकून माझ्या निळ्या वायरीचे स्क्रू पिळत होती. तिथूनच म्हणाली, "बाबा, आता याला हात लावायचा नाही. काही सोडवायचं नाही, काही घालायचं नाही. खाली फक्त खटका दाबायचा. कळलं ना?"

बाबा खुर्चीत बसून तिच्या पाठीकडे बघत होते. तिचं तोंड टेबलाखाली होतं. मित्रांनो, ते वाक्य त्या खोलीत फक्त मी ऐकलं.

त्यानंतर दर रविवारी सकाळी चाळीस मिनिटं मॉनिटरवर लेकीचा चेहरा येई, परातीएवढा मोठा. बाबा आधी दाढी करत, धुतलेला सदरा घालत, मिशी विंचरत. त्यांची मिशी ही साधी गोष्ट नव्हती. ती लग्नाच्याही आधीची होती आणि वरच्या ओठावरून थेट खालच्या ओठावर उतरलेली होती. बायको म्हणायची, "मिशीतल्या मिशीत बोलू नका, दोन शब्द बाहेर येऊ द्या." तरी मिशी राहिली. आठवड्यातली बाकीची सगळी मिनिटं बाबा या चाळीस मिनिटांची वाट बघण्यात घालवत. दूधवाला, शेजारी, बँकेतली मुलगी, सगळ्यांना ते नुसतीच मान हलवत. "हो हो" म्हणत. काय विचारलं ते कळलेलं नसे. एकदा तर "पंखा विकायचाय का?" ला हो म्हणून बसले आणि माणूस शिडी घेऊन आला.

मुलीचा आवाज मात्र बाबांपर्यंत पोचत नव्हता. मोबाइलचा आवाज काळ्या वायरीतून माझ्याकडे येई आणि संपे. म्हणजे त्या घरात मुलीचा आवाज ऐकणारा मी एकटा. काय आवाज होता, सांगू? जरा घोगरा, वाक्याच्या शेवटी किंचित वर जाणारा. मी तो कोणाला देऊ शकत नव्हतो. घरी पत्र यावं, ते फक्त दाराच्या कडीने वाचावं आणि कडीला बोलता येऊ नये, तसं माझं झालं होतं.

आणि म्हणूनच मला ते आधी कळलं.

एका रविवारी बोलता बोलता तिच्या घराच्या दाराची बेल वाजली. एकदा वाजली, दोनदा वाजली, मग कोणीतरी बोट दाबूनच ठेवलं. मुलगी हसून काहीतरी सांगत राहिली. तिने मानसुद्धा वळवली नाही. बाबांना बेल ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण तिला? त्यानंतर मी लक्ष ठेवलं. ती "काय?" जास्त म्हणू लागली होती. "काय बाबा? परत सांगा." बाबांना वाटे, नेट अडकतंय. कधी बोलणं संपवून बटण दाबण्याआधी ती मान खाली घालून पुटपुटे, "हेही नाही ऐकू आलं." मान खाली, म्हणजे बाबांना ओठ दिसत नसत. त्या वाक्याला जगात एकच श्रोता होता, आणि त्याला पंधरा भोकं असून तोंड नव्हतं.

याच सुमारास माझ्यावर संकट आलं.

बाबा मशीनमन. काम संपल्यावर यंत्र सोडवून, पुसून ठेवायचं, ही त्यांची पस्तीस वर्षांची शिस्त. दर रविवारी बोलणं झालं की ते माझं शेपूट उपटून ठेवत. डोकं धरून नाही, वायर धरून! पुढच्या रविवारी पुन्हा खुपसत. खाच सैल झाली, शेपूट कुरकुरायला लागलं. बाबांना ते ऐकू येत नव्हतं, पण बोटांना कळत होतं. कुरकुर बोटांनी ऐकणारी ती माणसं. आणि छापखान्यात कुरकुरीवर औषध एकच.

शनिवारी बाबांचं तेलपाणी असे. चोचवाली बुधली घेऊन ते घरभर फिरत. दाराच्या बिजागऱ्या, सायकल, बायकोचं शिवणयंत्र. ते आता कोणी चालवत नव्हतं, पण त्याचा वाटा कधी चुकला नाही. त्या शनिवारी ते माझ्यापाशी थांबले, मला तळहातावर घेतलं, माझ्या खाचेकडे मायेने पाहिलं आणि म्हणाले, "तूच राहिला होतास बघ." आणि तीन थेंब सोडले.

आजवर माझ्याशी इतक्या प्रेमाने कोणी वागलं नव्हतं. त्यातच माझा घात झाला.

दुसऱ्या दिवशी मुलीचा चेहरा दोनदा लुकलुकला आणि मॉनिटर काळा झाला. बाबांनी खटका बंद केला, चालू केला. चेहरा आला, गेला. माझ्या घशात तेल होतं, घास आत जाईना. बाबांनी मोबाइल हातात घेतला आणि छापखान्यातलं भिंग त्यावर धरलं. भिंगातून एका वेळी एकच गोष्ट दिसे. बराच वेळ ते एका नाकपुडीशी बोलले. मग त्यांनी हात जोडून मोबाइल ठेवून दिला.

पुढचे तीन रविवार असेच गेले. संदेश येत-जात होते. बाबांना लिहिताना मोठ्याने म्हणायची सवय होती आणि आपण मोठ्याने म्हणतो हे त्यांना माहीत नव्हतं. "मी म-जे-त आ-हे. तू क-शी आ-हेस?" टिंग. "मी-ही म-जे-त." मग बाबा मोबाइलला म्हणायचे, "अक्षरं छापण्यात आयुष्य गेलं माझं. मला नको शिकवूस. टाइप कुठलाही लावा, मजेत मजेतच दिसतं."

रविवारी सकाळी ते दाढी मात्र करत. सदरा घालत. काळ्या मॉनिटरसमोर चाळीस मिनिटं बसत आणि उठत. काळ्या काचेत त्यांचाच चेहरा दिसे. मित्रांनो, एकटेपणा मीही पाहिला आहे, ड्रॉवरमध्ये, भंगाराच्या खोक्यात. पण धुतलेला सदरा घालून बसलेला एकटेपणा मी तिथेच पहिल्यांदा पाहिला. आणि तो माझ्यामुळे होता.

चौथ्या सोमवारी बाबांनी आमचं सगळं खानदान कापडी पिशवीत भरलं आणि मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नेलं. तिथे एक तरुण रिपेअरवाली तोंडाला फडकं बांधून, डोळ्याला भिंग लावून बसली होती. तिने मला उघडं केलं. मान खाली घालूनच म्हणाली, "काका, यात तेल कुणी घातलं?"

बाबा दुकानातली कॅलेंडरं बघत होते.

"काका! तुम्हाला विचारतेय. तेल कुणी घातलं?"

बाबांना तिचा हात थांबलेला दिसला. ते म्हणाले, "पोरी, मान वर करून बोल. आणि ते फडकं खाली घे. मला तोंड दिसल्याशिवाय ऐकू येत नाही."

ती गडबडली. फडकं खाली ओढून, एकेक शब्द कोरून बोलली, "तेल... कुणी... घातलं?"

"मी घातलं. कुरकुरत होता."

"अहो काका, हा काय दरवाजा आहे?"

"का? तेलात काही खोट आहे का? उत्तम मशीनचं तेल आहे."

"तेल चांगलंय हो. पेशंट चुकला." ती हसली. मग सरळ समोर बघत म्हणाली, "एक सांगू? नवा टीव्ही घ्या. सगळं आतच असतं. ही वरात कशाला पाहिजे?"

बाबा म्हणाले, "नव्याचं मला काही कळणार नाही. हे माझ्या मुलीने जोडलंय. निदान बिघडलं तर कोणावर चिडायचं ते माहीत आहे."

तिने स्पिरिटने मला धुतलं, दात घासायच्या ब्रशने खाच साफ केली, वाऱ्याच्या पंपाने कान टोचल्यासारखं फुंकलं. मग कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. "तेल घालू नये. रोज सोडवू नये. काढायचंच झालं तर डोकं धरून काढावं, वायर ओढू नये."

बाबांनी कागद दोनदा वाचला. "हे मला कोणी सांगितलंच नव्हतं."

सांगितलं होतं, बाबा. टेबलाखालून.

त्या रविवारी मी पोटभर जेवलो आणि मुलीचा चेहरा परातीएवढा उगवला. बाबा बघत राहिले. ती म्हणाली, "बाबा, किती दिवसांनी! मी मजेत आहे. तुम्ही कसे आहात?"

बाबा बोलायला लागले. तेलाची गोष्ट सांगितली, रिपेअरवालीची सांगितली. मुलगी हसली, पण हसू अर्ध्या क्षणाने मागून आलं. बाबा मधेच थांबले. खुर्ची पुढे ओढली.

"तू माझ्या मिशीकडे का बघतेस?"

"कुठे? नाही हो."

"खोटं बोलू नकोस. गेली अठ्ठावीस वर्षं मी दुसरं काही करत नाही. ज्याला ऐकू येतं तो डोळ्यांत बघून बोलतो. तोंडाकडे कोण बघतं, ते मला शिकवू नकोस."

ती म्हणाली, "डावा गेलाय, बाबा. पार गेला. उजवा थोडा आहे, पण तोही..."

"कधीपासून?"

"वर्ष झालं."

"आणि लिहितेस मजेत!"

"तुम्हीपण तेच लिहिता की."

बाबा आपले तेलकट अंगठे एकमेकांवर घासत बसले. "मला वाटायचं, मशीनने खाल्ले कान. म्हणजे रक्तातच होतं म्हणायचं. माझ्याकडूनच आलं तुला."

"नाकही तुमच्याकडूनच आलंय," ती म्हणाली. "त्याबद्दल कधी तक्रार केली का मी?"

बाबा हसले आणि हसता हसता काहीतरी बोलले. फार हळू बोलले. घाबरू नकोस, मी आहे, असं काहीतरी. मुलगी पुढे वाकली, तिचं कपाळ पडद्यावर अर्धं झालं.

"काय? बाबा, परत सांगा. मिशीतून काहीच दिसत नाही हो मला."

बाबांनी परत सांगितलं. तिने परत नकारार्थी मान हलवली. मग ते म्हणाले, "असू दे. पुढच्या रविवारी सांगतो."

पुढच्या रविवारी खटका दाबला. पडद्यावर मुलगी आली आणि कोपऱ्यातल्या पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकटीत बाबा आले. मी दोन्ही चित्रं पुढे नेतो, त्यामुळे सर्वांत आधी मलाच दिसलं. मिशी नव्हती. पन्नास वर्षं सावलीत राहिलेला वरचा ओठ लहान बाळासारखा गोरा होता आणि तिथे एक कापल्याची खूण होती. मुलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"हात काढ," बाबा म्हणाले. "तोंड झाकायचं नाही. हा पहिला धडा. आता बघ, मी काय म्हणतो." आणि ते म्हणाले, "घाबरू नकोस. मी आहे."

तिने ते वाचलं. पहिल्याच वेळी.

तेव्हापासून दर रविवारी शाळा भरते. बाबा मास्तर, ती विद्यार्थिनी. आवाज न काढता बोलायचं, असा नियम बाबांनी घातला आहे, नाहीतर उरलेला कान मदत करतो आणि डोळे आळशी होतात म्हणे. त्यामुळे आता चाळीस मिनिटं दोघं नुसते ओठ हलवतात. चिडतात, सुधारतात, एकमेकांच्या चुका काढतात. मी इकडचं तिकडे नेतो, माझं काम चोख चाललं आहे. माझ्या अंगावर चिठ्ठी चिकटवली आहे, "तेल घालू नये." शनिवारी बाबा बुधली घेऊन येतात, चिठ्ठी वाचतात आणि मला नुसतं पुसून पुढे जातात.

पण तिचा तो घोगरा, शेवटी वर जाणारा आवाज आता माझ्यापर्यंतही येत नाही. तो ऐकणारा त्या घरात मी एकटा होतो, आता मीही नाही. तक्रार करत नाही. ज्या शाळेत मुलं शिकतात तिथली घंटा बंद पडली म्हणून कोणी रडत नाही.

मित्रांनो, माझ्या भाऊबंदांना वायर धरून ओढू नका, डोकं धरून काढा. आम्हाला वेगळा घास लागतो, तो तोडू नका. आणि कोणाला काही महत्त्वाचं सांगायचं असेल, तर टेबलाखालून सांगू नका. वर या, समोर बसा, तोंड दिसू द्या. एवढ्याला अडॅप्टर लागत नाही.

परवाच्या रविवारी बाबांनी ओठांनी काहीतरी गंमत केली आणि मुलगी नियम विसरली. बोलणं तिला आवाजाशिवाय जमायला लागलं आहे, हसणं अजून जमत नाही. ते हसू काळ्या वायरीतून आलं आणि माझ्यापाशी थांबलं. बाबांनी ते पाहिलं, ऐकलं मी. पुढे देता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.